मोबाईल असताना शॉर्टवेव्ह कशाला, आणि घ्यायचाच तर कुठला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. संध्याकाळी गच्चीवर छोटा शॉर्टवेव्ह रेडिओ, म्हणजे हजारो किलोमीटर लांबची स्टेशनं थेट पकडणारा रेडिओ, घेऊन बसलेलं कुणी पाहिलं की ठरलेला प्रश्न येतो, "मालक, मोबाईलवर सगळं जग ऐकू येतंय, मग हे कशाला? आणि घ्यायचाच झाला तर कुठला घ्यावा?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. नुसत्या बातम्या आणि गाणी ऐकायची असतील तर घेऊ नका. मोबाईलवर आवाज स्वच्छ येतो, फुकटात येतो. शॉर्टवेव्हची गंमत वेगळी आहे. बुखारेस्टहून निघालेली लहर आकाशातल्या आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतते आणि सोलापुरात तुमच्या हातातल्या रेडिओच्या दांडीवर, म्हणजे अँटेनावर, उतरते. मध्ये टॉवर नाही, रिचार्ज नाही, कुणाची परवानगी नाही. हे वाचून ज्याला काहीच वाटलं नाही, त्याने पैसे वाचवावेत.

स्टेशनं कमी झालीत, हेही आधीच सांगितलेलं बरं. व्हॉइस ऑफ रशिया 2014 मध्ये शॉर्टवेव्हवरून गेलं, रेडिओ ऑस्ट्रेलिया जानेवारी 2017 मध्ये, आणि बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्ह प्रसारण जानेवारी 2020 मध्ये थांबलं. आता डायल फिरवलात तर सगळ्यात जास्त भेटतो तो चीन, हिंदीतूनसुद्धा. त्याशिवाय बीबीसीची इंग्रजी सेवा, रोमानिया आणि अरबी-फारसी स्टेशनांची गर्दी. आपल्याकडच्या जुन्या माणसांना शॉर्टवेव्ह म्हटलं की सिलोनच आठवतं. त्यामागे एका मराठी मंत्र्याचा हात आहे. बाळकृष्ण केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांवर त्यांनी कात्री चालवली आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. सिलोनवरची बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. विविध भारती यायला 3 ऑक्टोबर 1957 उजाडावा लागला.

आता कुठला घ्यायचा. सोलापूरच्या नवी पेठेत दुकानदार तुमच्या हातात एक डबडं ठेवेल. त्याला टॉर्च असेल, पेनड्राइव्हचं भोक असेल, वर आठ बँड लिहिलेले असतील. तो घेऊ नका. अशा रेडिओत दोन-तीन इंचांच्या पट्टीत शेकड्यांनी फ्रिक्वेन्सी कोंबलेल्या असतात. बोट केसभर हललं की स्टेशन गेलं. शिवाय एकच जोरदार स्टेशन 910 किलोहर्ट्झ खाली पुन्हा उगवतं आणि आपल्याला वाटतं दोन स्टेशनं सापडली. आकडे दाखवणारा, बटणांनी थेट फ्रिक्वेन्सी टाकता येणारा रेडिओ हवा. तेही आकडे एक-एक किलोहर्ट्झने सरकले पाहिजेत.

चिनी कंपन्यांचे टेकसन आणि एक्सएचडेटा हे दोन ब्रँड पाहा. टेकसनचा पीएल-380 साधा आणि हलका आहे, तीन पेन्सिल सेलवर चालतो. सुरुवातीला मी तोच सुचवतो. सेल गावात कुठेही मिळतात आणि ही गोष्ट वाटते त्यापेक्षा मोठी आहे. पीएल-330 शर्टाच्या खिशात मावतो. त्याला जुन्या नोकियाची बीएल-5सी बॅटरी लागते, जी मोबाईलच्या दुकानात अजून मिळते. त्यात एसएसबी (सिंगल साइडबँड) ही बोलण्याच्या प्रसारणाची वेगळी पद्धत पकडायची सोयपण आहे, म्हणजे सकाळी 7 ते 7.2 मेगाहर्ट्झवर चाललेल्या हॅमवाल्यांच्या, म्हणजे हौसेने बिनतारी यंत्रावर बोलणाऱ्यांच्या, गप्पा कळतात. साध्या रेडिओवर तेच बोलणं नुसतं घोगरं, न समजणारं ऐकू येतं. एक्सएचडेटाच्या डी-808 मध्ये एसएसबीबरोबर विमानांचा बँडही आहे. यापेक्षा महागात जाण्याची सुरुवातीला अजिबात गरज नाही, कारण तुमचं गणित रेडिओवर बसणारच नाहीये. ते बसणार आहे तुमच्या घरावर.

ज्यांनी रेडिओ घेतला आणि महिन्याभरात कपाटात टाकला, त्यांपैकी बहुतेकांचा रेडिओ चांगलाच होता. घर वाईट होतं. करून बघा. जिथे एकही स्टेशन नाही अशा फ्रिक्वेन्सीवर रेडिओ लावा, साधारण 6 मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि घरभर फिरा. टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सजवळ भुणभुण वाढेल. मोबाईलच्या चार्जरजवळ रेडिओ ओरडेल. एलईडी बल्ब एकेक बंद करत गेलात तर एखादा बल्ब बंद होताच सगळं एकदम निवळेल. तोच चोर. स्वस्त बल्बाच्या आतलं सर्किट चालू-बंद होताना स्वतःच बारीकसं प्रसारण करत असतं. शहराच्या पूर्व भागात राहणारे म्हणतात, "आमच्याकडे कापडाचे माग चालतात, आम्हाला काय ऐकू येणार?" पण मागांच्या खडखडाटाचा त्रास कानाला होतो. रेडिओला छळतात त्या कारखान्यातल्या स्वस्त ट्यूबा. माग रात्रभर चालू द्या, तुम्ही गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जा.

लाईट गेली की लोक मेणबत्ती शोधतात, मी रेडिओ शोधतो. सगळी गल्ली अंधारात गेली की खरखर खाली बसते आणि मघाशी ज्या स्टेशनाचा नुसता संशय येत होता, त्याचा निवेदक स्पष्ट बोलायला लागतो. शेजारचे इन्व्हर्टर सुरू झाले की पुन्हा थोडं गढूळ होतं, तरी बरंच उरतं. लोडशेडिंगचं कौतुक करणारा सोलापुरात मी एकटाच असेन. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी नान्नजच्या बाजूला उघड्या माळावर जाऊन ऐकावं. तोच रेडिओ दुसरा वाटेल.

वेळेचं मात्र पक्कं लक्षात ठेवा. दिवसा वरचे बँड चालतात, 19 आणि 16 मीटर, म्हणजे साधारण 15 ते 18 मेगाहर्ट्झ. सूर्य मावळला की 31, 41 आणि 49 मीटरवर, म्हणजे साधारण 6 ते 10 मेगाहर्ट्झवर या, कारण दिवसा खालच्या फ्रिक्वेन्सी गिळणारा आयनांबराचा थर रात्री विरून जातो. भर दुपारी 49 मीटर लावून "काहीच येत नाही" म्हणणारे बरेच भेटतात. वेळापत्रकं जागतिक वेळेत असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. ती वर्षातून दोनदा बदलतात, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. म्हणून मार्चमध्ये नेहमीचं स्टेशन गायब झालं तर रेडिओला दोष देऊ नका. आमच्याकडे ऐकायला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे. रात्र मोठी आणि हवेत विजांचा कडकडाट नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले की रेडिओत आधी कडकड सुरू होते, पाऊस नंतर येतो. आणि उन्हाळ्यात लिथियम बॅटरीचा रेडिओ गच्चीवर विसरू नका. आपलं ऊन माहीतच आहे तुम्हाला.

दांडीवर भागत नसेल तर पाच-सात मीटर साधी प्लास्टिकचं आवरण असलेली वायर घ्या, एक टोक चिमट्याने दांडीला लावा आणि दुसरं कपडे वाळत घालायच्या दोरीवर टाका. यापेक्षा लांब वायर छोट्या रेडिओला झेपत नाही, जोरदार स्टेशनं एकमेकांत घुसतात. विजेच्या तारांपासून ती लांब ठेवा आणि वीज चमकताना दिसली की आधी चिमटा काढा.

शेवटचा नेहमीचा प्रश्न: आजोबांचा फिलिप्स किंवा मर्फी माळ्यावर पडलाय, तो दुरुस्त करून चालेल का? चालेल. बहुतेक शॉर्टवेव्ह स्टेशनं अजून जुन्याच पद्धतीने प्रसारण करतात, त्यामुळे तो सेट कालबाह्य झालेला नाही. बँडच्या स्विचवर चढलेली काजळी पुसली, सुकलेले कपॅसिटर बदलले की बरेच सेट बोलतात. पण वर्षानुवर्षं पडून असलेला सेट थेट प्लगला लावू नका, आधी जुन्या जाणत्या मेकॅनिककडे न्या. आवाजात तो तुमच्या नव्या डिजिटल रेडिओला हरवेल, फ्रिक्वेन्सी शोधण्यात मात्र नवाच पुढे. दोन्ही ठेवा.