मुकी

आमच्या दुकानात वर्षाला चार-पाच पोरं तरी काउंटरवर वाकून हळूच विचारतात, "शेठ, बंदुकीचा सायलेन्सर मिळंल का?" आणि दारात लावलेल्या त्यांच्याच बुलेटचा सायलेन्सर फोडलेला असतो. गाडीचा आवाज गावभर गेला पाहिजे, गोळीचा मात्र नको. मी त्यांना "नाही" एवढंच सांगतो. सगळा कायदा सांगत बसलं तर त्यांना वाटतं, शेठ भाव वाढवतोय.

मागच्या आषाढात साठीच्या एक बाई भर पावसात एसटीनं आल्या आणि गादीच्या खोळीतून त्यांनी रायफल काढून समोर ठेवली. तिच्या नळीच्या तोंडाशी काय आहे, हे मलाही आधी समजलं नाही. तीस वर्षं हाच धंदा करतोय.

कोल्हापुरात आमचा शस्त्रविक्रीचा परवाना आजोबांपासूनचा आहे. लोकांना वाटतं, आम्ही बंदुका विकून गब्बर झालो. खरं पोट चालतं ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या बारा बोअरच्या काडतुसांवर, दुरुस्तीवर आणि 'जमा' या खात्यावर. परवानाधारक वारला की त्याचं हत्यार घरात ठेवता येत नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायचं आणि वारसाच्या नावे परवाना झाला की सोडवून न्यायचं. मधल्या काळात इतर वारसांची ना-हरकत, वैद्यकीय दाखला, पोलिसांचा अहवाल आणि कलेक्टर कचेरीत फेऱ्या. माझ्या तिजोरीत अशा काही दुनळ्या आहेत की भावाभावांच्या भांडणात त्यांना न्यायला कुणी येतच नाही. खरं तर परवानाधारक सत्तरीला पोचला किंवा हत्यार त्याच्याकडे येऊन पंचवीस वर्षं झाली, की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे करून घेण्याची सोय 2016 च्या नियमांत आहे. मी प्रत्येक म्हाताऱ्याला सांगतो. म्हातारे म्हणतात, "म्हणजे मी मेलो असं समजायचं का?"

बाईंचे वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. "ठाण्यात विचारलं, तर निवडणुकीला सगळ्यांच्या जमा होतात तेव्हा आणा म्हणाले," बाई म्हणाल्या. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही.

रायफल ब्रनो या चेक बनावटीची होती, पॉइंट टूटू बोअरची. परवान्यावरचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर जुळला. बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली, तर वळणं काचेसारखी स्वच्छ. म्हातारा हत्याराची निगा राखणारा होता. फक्त पुढच्या टोकाला वीतभर लांबीचं, अंगठ्याहून थोडं जाड, काळं नळकांडं बसवलेलं. कंपनीचं नाव नाही, नंबर नाही. मी दोन बोटांनी फिरवलं, तर लोण्यातून सुटावं तसं ते सुटून हातात आलं. नळीवरचे आटे बघून मी गप्पच झालो. इतके बारीक, इतके सरळ, एका जागी कातर नाही. उद्यमनगरातल्या कुणा कसलेल्या टर्नरचा हात असणार. कोण असेल तो आता बहुतेक हयात नसेल. कौतुक वाटलं आणि त्याच क्षणी हातातली वस्तू काउंटरवर ठेवून दिली.

"ती मुकी," बाई सहज म्हणाल्या. "बाबा मुकीच म्हणायचे. आईला आवाजाचा त्रास होता. भांडं पडलं तरी छाती धरून बसायची. बाबांना परसात डबे ठेवून नेम धरायचा नाद. मग त्यांनी ही करून घेतली. आई गेल्यावर ते एकदाही नेमाला बसले नाहीत."

आता बाईंना कसं सांगायचं, की त्या रायफलीपेक्षा ही मुकीच जड आहे? 1959 च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यातच आवाज किंवा ज्वाला कमी करणारं साधन बसवलेलं आहे. म्हणजे हे नळकांडं कायद्यानं स्वतःच एक बंदूक. रायफलीला परवाना होता, हिला जन्मापासून नाही. आणि असा परवाना जिल्ह्यात कुणाला मिळालेला मी पाहिलेला नाही. माझ्या जमा रजिस्टरलाही ती घेता येईना, कारण विनापरवाना वस्तू तिजोरीत ठेवली की गुन्हा माझ्या नावावर.

रायफल जमा करून पावती दिली. बाईंच्या गावच्या पोलीस ठाण्यात फोन लावला, काय घेऊन येतोय ते सांगितलं, आलेल्या फोनची नोंद करा म्हणालो. मग दुकानाला कुलूप लावून बाईंना गाडीत बसवलं. मुकी त्यांच्या मांडीवर, डब्याच्या पिशवीत. दोन तासांच्या वाटेत बाई पाचवीच्या पोरांना दशांश अपूर्णांक शिकवताना काय होतं याबद्दल बोलत होत्या. मी हूं हूं करत होतो.

ठाण्यातल्या हवालदारानं नळकांडं उलटसुलट केलं, बाईंकडे बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "शेठ, 'लोखंडी पाइप, वीतभर' असं लिवतो. बाईंनी माझ्या पोरीला शिकवलंय. कशाला म्हातारपणी तरास?"

मी म्हणालो, "पंचनाम्यात पाइप आणि उद्या तपासणीत सायलेन्सर निघाला, तर? तुमची नोकरी जाईल, माझा परवाना जाईल." तो काही बोलला नाही. तेव्हा मी पुन्हा म्हणालो, "माझा परवाना जाईल." हे दुसरं वाक्य मला अजून ऐकू येतं. बाईंचं नाव मी एकदाही घेतलं नव्हतं.

त्यानं 'पाइप' खोडला, त्यावर सही केली आणि 'सायलेन्सर' लिहिलं. स्पेलिंग मलाच विचारलं.

त्या रात्री टेक्सासच्या मावसभावाला फोनवर हे सांगितलं. तो तिकडचा नागरिक झालाय, नेमबाजीच्या रेंजवर जातो. त्याच्याकडे अशी दोन नळकांडी आहेत. अर्ज, फोटो, बोटांचे ठसे आणि 1934 च्या कायद्यापासून चालत आलेला 200 डॉलरचा कर. तो करही 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला. "कान वाचवायला लावतो रे," तो म्हणाला. "सिनेमातल्यासारखं फुस्स वगैरे काही होत नाही." कान वाचवायलाच. बाईंच्या वडिलांनी तरी दुसरं काय केलं होतं! पण तिकडे अर्ज करायला एक खिडकी आहे, इथे म्हाताऱ्यानं कुठल्या खिडकीशी उभं राहायचं होतं?

बाईंचा जबाब आतापर्यंत तीनदा झाला. गुन्हा दाखल झालेला नाही, पण वारसाच्या अर्जावर ठाण्याचा अहवाल आला तो 'चौकशी प्रलंबित' असा. कलेक्टर कचेरीतला कारकून त्या दोन शब्दांवर नस्ती बांधून ठेवतो, उघडत नाही. तो हवालदार मध्ये एकदा दुकानात आला होता, भावाच्या एकनळीचा घोडा दुरुस्त करायला. चहा नको म्हणाला.

बाई दर महिन्याला जमा-भाडं द्यायला येतात. मी नको म्हटलं तरी पावती घेतल्याशिवाय जात नाहीत. गेल्या खेपेला त्यांनी रायफल बघायला मागितली. कापडात गुंडाळलेली काढून दाखवली. टोकाचे आटे उघडे पडल्यामुळे हवेनं गंजतील, म्हणून मी त्यांवर तेलाची चिंधी दोऱ्यानं बांधून ठेवलीय. बाईंनी त्या चिंधीला बोट लावून बघितलं आणि विचारलं, "मुकी कुठं असेल आता?"

"मुद्देमालाच्या खोलीत," मी म्हणालो. "नंबर लावून."

"तेल घालतात का तिथं?"