संशयाविना झडती

सप्टेंबर 2003 मध्ये लंडनच्या शस्त्रप्रदर्शनाबाहेर पोलिसांनी एका पत्रकार महिलेला अडवले. तिने पत्रकाराचे ओळखपत्र दाखवूनही तिची झडती घेतली आणि चित्रीकरण थांबवायला सांगितले. पोलिसांच्या नोंदीत ही झडती पाच मिनिटांची आहे. तिला मात्र ती अर्ध्या तासाची वाटली. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण अडवलेल्या माणसाचा वेळ आणि अपमान कोणत्याही नोंदवहीत मावत नाही.

ब्रिटनच्या 2000 सालच्या दहशतवादविरोधी कायद्यातील कलम 44 नुसार अशा झडतीसाठी संशयाची गरजच नव्हती. अठ्ठावीस दिवसांची परवानगी पुन्हा पुन्हा वाढवून लंडनभर हा अधिकार वर्षानुवर्षे चालू ठेवण्यात आला. देशातील सर्वोच्च न्यायपीठाने 2006 मध्ये तो ग्राह्य धरला, पण जानेवारी 2010 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने खासगी जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. असा मोकाट अधिकार मुळात द्यायलाच नको होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

2012 मध्ये ते कलम गेले. विमानतळांवर आणि बंदरांवर मात्र त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली आजही संशयाविना चौकशी करता येते, आणि उत्तर देण्यास नकार देणे हा गुन्हा ठरतो.