कावा शिकवणारे सर

सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप ग्रुपवर आला आणि मला दुसरा विषयच सुचेना. आपल्या शाळेबद्दल लिहायचं म्हणजे सरांबद्दलच लिहायचं, कुठले सर ते सांगायची गरज नाही, नववी-दहावीचा इतिहास म्हटलं की आपल्या सगळ्यांना एकच चेहरा आठवतो. बाकीचे शिक्षकही चांगले होते, पण मला घडवलं ते सरांनी.

नववीच्या चाचणीत प्रश्न होता, गनिमी कावा म्हणजे काय. जवळजवळ सगळ्या वर्गानं लिहिलं, शत्रूला फसवून मारणे. सर ओरडले नाहीत, पेपर टेबलावर ठेवले आणि म्हणाले चला ग्राउंडवर, येताना चार बेंच उचलून आणा. अर्धा वर्ग निजाम, अर्धा बाजीराव. बेंच म्हणजे निजामाचा तोफखाना, तो त्यांनी उचलूनच चालायचं. बाजीरावाच्या पोरांना सांगितलं, तुम्ही कुणाला हात लावायचा नाही, फक्त जवळ जायचं, दिसायचं आणि निघून जायचं. मग काय, आम्ही कधी पिंपळापाशी, कधी व्यायामशाळेच्या मागे, कधी थेट गेटजवळ, आणि ते बिचारे बेंच घेऊन आमच्या मागे. ऊन मी म्हणत होतं. शेवटी त्यांनी वैतागून बेंच व्यायामशाळेपाशी टाकले आणि नुसतेच धावत सुटले, आणि नेमकं तेव्हाच सरांनी आम्हाला पाण्याच्या टाकीभोवती उभं केलं. नळ आमच्या पाठीमागे, आणि समोर निजामाची सगळी फौज घामाघूम. "सर, पाणी तरी पिऊ द्या की!" असं त्यांच्यातला एकजण ओरडला तेव्हा सर म्हणाले, "झालं पालखेड."

मग तिथेच टाकीपाशी बसवून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. निजाम पुण्यापर्यंत आलेला, बाजीराव पुण्याकडे न वळता वऱ्हाड, खानदेश, गुजरात असा फिरत राहिला, बुऱ्हाणपूर-औरंगाबादला धोका आहे असं निजामाला वाटायला लावलं, निजाम पाठलागाला निघाला, वेग येईना म्हणून जड तोफा मागे ठेवल्या आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला पाणी तुटलेल्या जागी अडकला. मोठी लढाई झालीच नाही. मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह.

कावा हा फारसीतून आलेला घोडेस्वारांचा शब्द, घोड्याला गोल फिरवणं म्हणजे कावा देणं, हे मी पहिल्यांदा तिथे ऐकलं. गनीम म्हणजे शत्रू, आणि मोगलांच्या लिखाणात गनीम म्हणजे आपणच, मराठे. म्हणजे कावा ही आधी चाल आहे, हालचाल आहे, फसवणूक हा अर्थ त्याला मागून चिकटला. सर या बाबतीत फार काटेकोर होते. उंबरखिंडीत १६६१ साली शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाला लपून बसून गाठलं तो दबा, लाल महालात १६६३ साली शायिस्तेखानावर पडला तो छापा, एकीकडे जातोय असं दाखवून दुसरीकडे जाणं ती हूल, आणि समोरासमोर येणं टाळून बाजूनं निघून जाणं म्हणजे बगल देणं. सगळ्याला गनिमी कावा म्हणून मोकळं व्हायचं नाही. कुणी गुरिला वॉर म्हटलं की सर थांबवायचे, तो शब्द नेपोलियनच्या विरुद्ध स्पेनमध्ये जे युद्ध झालं तिथून जगभर गेला, १८०८ नंतर, पालखेड त्याच्या ऐंशी वर्षं आधीचं, आपल्याकडे आपला शब्द आहे तो वापरा.

आज मी एका वर्तमानपत्रात वृत्तसंपादक आहे आणि हे सगळं मला रोज उपयोगी पडतं. निवडणुका आल्या की दिवसाआड बातमी येते, अमुक नेत्याचा गनिमी कावा. वाचून बघावं तर रात्रीतून पक्ष बदललेला असतो. त्यात कसला आलाय कावा? मी ते हेडिंग बदलतो आणि डेस्कवरच्या नवीन मुलांना पालखेड सांगतो, त्यांना ते आवडतं असा माझा अनुभव आहे. अर्थ बदलतात हे मलाही कळतं, मोर्चा म्हणजे एकेकाळी वेढ्यात तोफा लावायची जागा होती आणि छबिना म्हणजे रात्रीची गस्त, आज एक रस्त्यावर निघतो आणि दुसरा जत्रेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या शब्दात अख्खी मोहीम मावते तो नुसत्या दगाबाजीला वापरला की मला खरंच वाईट वाटतं.

मध्ये शाळेत येऊन गेलो. ग्राउंडच्या अर्ध्या भागात नवी इमारत उभी आहे, टाकी गेली, तिथे कूलर आहे. सोय झाली हे बरंच झालं, पण आता तिथे दोन फौजा फिरवायला जागा नाही. पिंपळ मात्र आहे.

सरांनी आपल्या सगळ्यांकडून एक शब्दांची वही करून घेतली होती, डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर ती लढाई जिथे तो शब्द जगला. बिनी म्हणजे फौजेची आघाडी, पिछाडी, कूच, तळ, मोर्चेबंदी, सगळं त्यात होतं. माझी वही घर बदलताना हरवली ती हरवलीच. ज्यांच्याकडे ती अजून असेल त्यांनी कार्यक्रमाला येताना घेऊन या, मी स्वखर्चानं त्याची नीट टाइप केलेली प्रत करून शाळेच्या लायब्ररीत ठेवतो.