रुंद नेकची, परवडणारी गिटार : आमची वाटचाल

सांगलीतील आमचे दुकान सुरुवातीची अनेक वर्षे हार्मोनियम, तबला आणि तंबोऱ्याच्या तारा यांवर चालत असे. मिरज हाकेच्या अंतरावर असल्याने दुरुस्तीला येणारी वाद्येही बहुतेक भारतीय संगीतातलीच असत. गिटार म्हणजे कॉलेजच्या मुलांसाठी भिंतीवर टांगून ठेवलेले एखाददुसरे वाद्य. पुढे गिटारला मागणी वाढली, शिकणाऱ्यांत निवृत्त शिक्षक, शेतकरी आणि कारखान्यात काम करणारी मंडळीही येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर एकच तक्रार पुन्हा पुन्हा दुकानात येऊ लागली : ‘आमची बोटे तारांमध्ये मावत नाहीत.’

ही तक्रार खरी होती. ‘ए मेजर’ हा कॉर्ड (एकत्र वाजणारा स्वरसमूह) वाजवताना दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे नेक या गिटारच्या लांब दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेल्या दुसऱ्या घरात, शेजारशेजारच्या तीन तारांवर तीन बोटे बसवावी लागतात. बोट जाड असले की शेवटचे बोट शेजारच्या पहिल्या तारेला टेकते आणि ती तार मुकी होते. अशा विद्यार्थ्याला ‘रियाज वाढवा’ असे सांगितले जाते. रियाजाने बरेच साधते हे आम्हीही मानतो, परंतु पन्नाशी ओलांडलेला, हाताने कष्टाची कामे केलेला माणूस तीन महिन्यांत गिटार गुंडाळून ठेवतो तेव्हा त्याला दिलेले वाद्यच त्याच्या हाताला अरुंद होते की काय, हे कोणीतरी तपासायला हवे. ते काम आपले आहे असे आम्ही ठरवले.

तपासायला फार मोठे साधन लागत नाही, व्हर्नियर कॅलिपर पुरतो. नेकच्या वरच्या टोकाला जिच्या खाचांतून तारा जातात त्या पट्टीला नट म्हणतात; स्टीलच्या तारांच्या स्वस्त गिटारींमध्ये तिची रुंदी बहुधा ४३ मि.मी. असते. ही रुंदी काही मुळापासून ठरलेली नाही. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या बारा फ्रेटच्या, म्हणजे जिची नेक बाराव्या फ्रेटपाशी खोक्याला मिळते अशा, जुन्या गिटारींची नट साधारण ४७.६ मि.मी. होती, चौदा फ्रेटच्या गिटारी आल्यावर ती ४४.५ मि.मी. झाली आणि १९३९ च्या सुमारास ४२.९ मि.मी.वर आली. पिकने, म्हणजे तारा छेडण्याच्या छोट्या चकतीने, स्वरसंगत करणाऱ्यांना अरुंद नेक सोयीची पडते. बोटांनी एकेक तार छेडणाऱ्याला आणि जाड बोटांच्या माणसाला ती जाचते.

मात्र नटची रुंदी आणि तारांमधले अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाच्या दृष्टीने दुसरी अधिक महत्त्वाची आहे. ४३ मि.मी.च्या नटवर पहिल्या आणि सहाव्या तारेत सहसा ३६ मि.मी. अंतर असते, म्हणजे दोन तारांमध्ये सरासरी ७.२ मि.मी. ५२ मि.मी.च्या क्लासिकल, म्हणजे नायलॉनच्या तारांच्या, गिटारवर तेच अंतर सुमारे ८.६ मि.मी. होते. उजव्या हाताखाली, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात त्या सॅडल नावाच्या पट्टीवर, पहिल्या ते सहाव्या तारेचे अंतर स्टीलच्या तारांच्या गिटारींमध्ये ५४ ते ५८ मि.मी.च्या दरम्यान असते आणि दुकानात ते कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही प्रत्येक गिटारला ही दोन्ही मापे लिहिलेली चिठ्ठी बांधू लागलो. आमच्या धंद्याला खरे वळण मिळाले ते या चिठ्ठीमुळे.

परदेशात रुंद नेकच्या तयार गिटारी मिळतात. कॅनडातील सीगल कंपनीच्या ‘एस ६’ची नट १.८ इंच, म्हणजे जवळजवळ ४६ मि.मी. असते आणि तिकडे ती मध्यम किमतीत मोडते; परंतु आयातीचा खर्च धरला की आमच्या ग्राहकाला ती परवडत नाही. ज्यांना नायलॉनच्या तारांचा मऊ आवाज चालतो त्यांच्यासाठी उत्तर सोपे आहे : यामाहाच्या ‘सी ४०’सारखी साधी क्लासिकल गिटार घ्यावी. मात्र तिच्यावर स्टीलच्या तारा चढवून देण्यास आम्ही ठाम नकार देतो, मग विक्री गेली तरी चालेल. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण ४० किलोच्या आसपास असतो, तर स्टीलच्या हलक्या संचाचा ७० किलोच्या वर जातो. त्या ओढीने ब्रिज, म्हणजे खोक्यावर तारा अडकवलेली लाकडी पट्टी, उखडतो किंवा नेक वाकते.

ज्यांना स्टीलचाच आवाज हवा असतो त्यांच्यासाठी पहिला उपाय नवी नट घासण्याचा. प्लॅस्टिकची नट काढून तिच्या जागी हाडाची पट्टी बसवायची आणि कडेच्या तारा काठापासून तीन मि.मी.वर घ्यायच्या. त्यामुळे तारांचा एकूण पसारा ३६ वरून ३७ मि.मी. होतो. खाचा आखताना तारांच्या मध्यापासून नव्हे, तर एका तारेच्या कडेपासून दुसरीच्या कडेपर्यंत समान जागा सोडावी लागते, कारण सहावी तार पहिलीच्या चौपटीहून जाड असते आणि मध्य धरून आखले की खर्जाच्या बाजूला बोटांची दाटी होते. कानस खुंट्यांच्या दिशेने किंचित उतरती धरायची असते. खाच सपाट राहिली तर तार झणझणते. मिरजेच्या एका कारागिराने हे काम आमच्या मुलांना शिकवले. आयुष्यभर सतारीची जवारी काढलेल्या (तारा टेकतात ती घोडी घासून आवाज साधलेल्या) त्यांच्या हाताला तार हाडावर नेमकी कुठे टेकते हे डोळे मिटूनही कळते, आणि तंतुवाद्यांच्या या परंपरेशेजारी दुकान असणे हे आम्ही आमचे भाग्य मानतो.

एका मि.मी.ने सर्वांचे भागत नाही. अशांसाठी आम्ही बारा तारांच्या गिटारी सहा तारांच्या करून देऊ लागलो, आणि आज आमची ओळख मुख्यतः याच कामामुळे आहे. बारा तारांच्या बहुतेक गिटारींची नट ४६ ते ४८ मि.मी. असते आणि त्यांचा सांगाडा शंभर किलोहून अधिक ताण पेलण्यासाठी बांधलेला असतो. आपल्याकडे अशी गिटार हौसेने घेतली जाते, सूर जुळवण्याच्या कटकटीमुळे पडून राहते आणि वापरलेली स्वस्तात मिळते. आम्ही ती आधी नीट तपासतो, कारण जास्त ताणामुळे ब्रिजमागे फुगवटा आलेला असू शकतो. तसा फुगवटा दिसला तर गिटार घेतच नाही. सुस्थितीतल्या गिटारला सहा खाचांची नवी नट, योग्य उंचीचे सॅडल आणि ब्रिजवरच्या मोकळ्या राहिलेल्या छिद्रांना पिना एवढे केले की ४८ मि.मी.च्या नेकवर तारांचा पसारा ४२ मि.मी. होतो, म्हणजे दोन तारांत सरासरी ८.४ मि.मी. जाड लाकूडकामामुळे आवाज किंचित आखडल्यासारखा वाटतो, म्हणून आम्ही तिला १३ क्रमांकाचा, म्हणजे जाड तारांचा, संच लावतो. जास्तीच्या सहा खुंट्या आम्ही काढत नाही. त्या काढल्या तर डोक्यावर भोके उरतात आणि पुढे कोणाला बारा तारा लावायच्या झाल्या तर खर्च वाढतो.

या कामात नफ्याचे प्रमाण नव्या गिटारींच्या विक्रीपेक्षा कमी आहे, वेळ मात्र जास्त जातो. तरीही ते बंद करण्याचा विचार आमच्या मनात कधी आला नाही. आता कोल्हापूर आणि बेळगावहूनही ग्राहक येतात. त्यांना आमची विनंती एवढीच असते की आपली सध्याची गिटार सोबत आणावी, ‘सी’ आणि ‘ए मेजर’ आमच्यासमोर वाजवून दाखवावेत आणि त्यानंतरच, नट बदलून भागते की गिटार बदलावी लागते, हे ठरवावे.