गरम पेटी अपडेट: वरण ६ तास टिकलं, भात अजून अडतोय

गरम पेटी म्हणजे शिजवलेलं अन्न आच न लावता काही तास गरम ठेवायची माझी घरगुती पेटी. बाहेरचं खोकं तेच जुनं प्लायवूडचं, बदल सगळा आत केलाय. आधी नुसत्या गोधड्या कोंबल्या होत्या, आता चारी बाजूंनी, खाली आणि झाकणाला २ इंच थर्माकोल, त्याच्या आत गोधडी आणि मधे पातेलं. थर्माकोलला गरम पातेलं थेट टेकवू नका हं, ते १०० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं.

मोजायला वायरवाला थर्मामीटर आणलाय, वायर झाकणाच्या फटीतून आत सोडली की पेटी सारखी उघडावी लागत नाही. आधी बर्फाच्या पाण्यात ० दाखवतोय का बघितलं, मग उकळत्या पाण्यात, तिथे ९८ आला आणि तो बरोबरच आहे, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे त्यामुळे आपल्याकडे पाणी १०० च्या जरा आधीच उकळतं.

आता आकडे. ४ लिटर वरण, खळखळून उकळलं आणि गॅसवरून थेट पेटीत. २ तासांनी ८४, ४ तासांनी ७४, ६ तासांनी ६६. जाम खूश! पण तेच वरण अर्धा लिटर छोट्या डब्यात ठेवलं तर ४ तासांनी ५७. पेटी तीच, गोधडी तीच, पण माल कमी की साठलेली उष्णताच कमी, आणि त्या मानाने डब्याचा बाहेरचा पृष्ठभाग जास्त, म्हणून भराभर निवतं. त्यामुळे थोडंसंच अन्न असेल तर मी आता बाजूला उकळत्या पाण्याच्या २ स्टीलच्या बाटल्या ठेवतो, रिकामी जागा भरते आणि गरमीही मिळते.

आता मुख्य मुद्दा, कारण इथे बरेच जण "हाताला गरम लागतंय ना, मग झालं" म्हणतात. हाताला ४५ पण छान गरम लागतं, आणि गोची तिथेच आहे. गरम ठेवायचं तर ६० च्या वर, याच्या खाली आलं की जंतू वाढायला मोकळे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा एक जंतू आहे, त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि ४३ ते ४७ डिग्रीला तो साधारण १० मिनिटांत दुप्पट होतो. मटणाचा रस्सा, दाट डाळ हे त्याचं आवडतं घर. म्हणजे बघा, पेटी जितकी भारी तितकं अन्न त्या चाळिशीतही जास्त वेळ रेंगाळणार. ओट्यावर ठेवलेलं निदान लवकर गार तरी होतं. म्हणून माझा नियम असा की थर्मामीटर ६२ वर आला की पातेलं बाहेर, एकतर लगेच वाढायचं नाहीतर पुन्हा उकळायचं. आणि नंतर खायचं असेल तर पेटीत ठेवायचंच नाही, पसरट भांड्यात ओतून निववायचं आणि २ तासांच्या आत फ्रीजमध्ये.

भाताचं गणित अजून जमलेलं नाही. मोकळा भात दुसऱ्या भांड्यात काढताना वाफ जाते आणि पेटीत जातानाच तो ८० च्या खाली आलेला असतो, त्यामुळे आता ज्या भांड्यात शिजला त्यातच, झाकण न उघडता ठेवून बघतोय. भाताला मी घाबरूनच असतो, त्यातला बॅसिलस सेरियस जे विष सोडतो त्यातलं एक पुन्हा उकळलं तरी जात नाही. पोळ्यांचं टेन्शन नाही, कॅसरोलमध्ये आधी ५ मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवायचं, ओतून पुसायचं, तळाला सुती फडकं, बास, फक्त त्या तासाभरात संपवायच्या.

जाता जाता, कोणाच्या माळ्यावर जुना इकमिक कुकर असेल तर फोटो टाका प्लीज. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी १९१० च्या सुमारास काढलेला, खाली कोळसा, वर एकावर एक डबे. आपल्या पेटीत आच नाही, त्यात होती, हा मोठाच फरक.

पुढची पेटी थर्माकोल काढून भाताच्या पेंढ्याची करणार आहे, आंब्याच्या अढीला घालतो तसा, फक्त दाबून भरलेला. पेंढा ओला होऊन कुबट वास येतो म्हणे, कोणी केलंय का? आतून प्लास्टिक लावलं तर चालेल की पत्र्याचा डबाच बसवावा लागेल?