गाडीची आगोट

४ एप्रिल

उजव्या बाजूच्या मागच्या दाराखाली रंगाला फोड आला होता, मुगाच्या डाळीएवढा. दिवाळीत दिसला तेव्हा ‘बघू पुढे’ म्हणून सोडून दिला होता. आज नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत. ओढून काढल्यावर भोकातून तपकिरी भुगा आला आणि मागोमाग मुंग्यांची रांग.

गाडी १९७९ची प्रीमियर पद्मिनी. अण्णांनी १९८६ साली सेकंडहँड घेतली, नवी परवडली नसती. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. गाडी मांगरात असते, महिन्यातून दोनदा बाजारापर्यंत जाऊन येते. रंग अजून आरशासारखा, कारण अण्णा दर रविवारी पॉलिश करायचे. आरशासारखा, म्हणजे वरून.

९ एप्रिल

चाचांकडे नेली. रत्नागिरीत आता जुन्या गाडीचं डेंटिंग मनापासून करणारे फार थोडे उरलेत. बाकीच्यांना नव्या गाड्यांचे बंपर बदलायलाच वेळ पुरत नाही. चाचांनी काही विचारलं नाही. बोटाच्या पेराने टकटक करत गाडीभोवती एक फेरी मारली. कलिंगड बघतात तसं. जिथे पत्रा तिथे टणक आवाज, जिथे लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, तिथे मुका. खडूने फुल्या मारत गेले. मी मोजल्या, सतरा.

“भाऊ, ही गाडी पत्र्याची कमी, लांबीची जास्त आहे.”

१९९८ला एकदा पूर्ण रंगकाम झालं होतं, त्याचा हा प्रसाद. मागच्या मडगार्डच्या कमानीत ग्राइंडर लावला तर लांबीचा अंगठ्याएवढा जाड थर, आणि त्यामागे आधाराला कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. लांबी ओल शोषते. सडक्या पत्र्यावर ती थापायची म्हणजे जखमेवर ओला कापूस बांधून ठेवायचा. ज्याने केलं त्याचं गॅरेज आता नाही. बिल मात्र अण्णांच्या फायलीत जपून ठेवलेलं आहे, ‘सर्व गंज काढून’ असं लिहिलेलं.

१३ एप्रिल

आज काही कापलं नाही. तयारीतच दिवस गेला आणि मला तो फार आवडला. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवली, सीटा बाहेर, पायाखालची मॅटिंग बाहेर. मॅटिंगखाली तागाचं जाड अस्तर होतं. एप्रिलच्या मध्यावर ते हाताला गार लागलं. त्यात पाणी नेमकं कुठल्या पावसाळ्याचं होतं, देव जाणे.

या गाडीला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दाराखालून जाणारी लांब पोकळ पेटी, जिला सगळे डेंटर रनिंग बोर्ड म्हणतात, तीच बराचसा भार घेते. ती सरळ कापली तर गाडी मधोमध बसते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. म्हणून चाचांनी आधी चारही कोपऱ्यांना लाकडी ठोकळे दिले, दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप टाका मारून बसवले, आणि दाराच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवल्या. एका वेळी एकच बाजू कापायची. चेसिस नंबरच्या जागेवर स्वतःच्या हाताने ग्रीस फासून वर टेप लावली. “ह्याला पॉलिश पेपर लागला तर आरटीओत मला नाही, तुम्हाला उभं राहावं लागेल.” दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, त्यामुळे धमकी खरी होती.

१९ एप्रिल

मुंबईला जाऊन आलो. जुन्या पार्टसाठी आधी ऑपेरा हाउसची दुकानं, मग कुर्ल्याचा सीएसटी रोड. गंमत म्हणजे ही गाडी कुर्ल्यातच जन्मली. कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव उरलं, आणि तिथून जवळच मी तिच्यासाठी पत्रा हुडकत फिरतोय. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा वाटलं होतं की आता दारं ढिगाने मिळतील. एक काळं दार मिळालंही. उलटं करून बघितलं तर खालची कड आमच्यासारखीच चाळणी. मुंबईची टॅक्सी म्हणजे तीही समुद्राकाठचीच. रबरी पट्ट्या आणि मडगार्डचा एक तुकडा घेऊन परत आलो.

रनिंग बोर्ड इथेच बनवायचं ठरलं. १८ गेजचा पत्रा, पुठ्ठ्याच्या मापावर कापून वाकवलेला. बाहेरच्या कातडीला मात्र २० गेज, म्हणजे जरा पातळ.

२४ एप्रिल

आज उजवा रनिंग बोर्ड कापला. हे नीट लिहून ठेवायला हवं.

कापलेला तुकडा चाचांनी टेबलावर उताणा ठेवला. आतून खारी बिस्किटासारखे गंजाचे थर. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ धातूच्या कितीतरी पट फुगतो, म्हणून तर रंगाला बाहेरून फोड येतो. फोड दिसतो तोवर आतलं सगळं आटोपलेलं असतं. तळाशी बारीक लाल माती, दगडासारखी घट्ट. चाचांनी ती खरवडली आणि मला जवळ बोलावलं.

“हे बघा. कंपनीने भोकं दिलेली आहेत.”

तळाला लांबट भोकं होती. काचेच्या रबरातून, दाराच्या फटीतून आत येणारं पाणी खाली निघून जावं म्हणून. दारांच्या खालच्या कडेलाही तशीच. सगळी बंद. बाहेरून डांबराने लिंपलेली, थरावर थर.

ते डांबर मी ओळखलं.

आमच्याकडे मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, असायची, कोकणात सगळ्यांकडेच असते. लाकडं आत, पापड-मिरच्या डब्यात, पडवीला झावळ्यांच्या झडी. अण्णांच्या यादीत शेवटचं काम गाडी. डांबर रॉकेलमध्ये पातळ करून ठेवायचे आणि बनियनवर, खाली गोणपाट घालून, गाडीखाली शिरायचे. मी बाहेर बसून ब्रश द्यायचो. लहान भोकं माझ्याकडे असत, कारण माझी बोटं बारीक. “एक पण भोक राहता नये हं, पाणी शिरेल.” मी प्रत्येक भोकात बोटाने डांबर दाबायचो आणि आतून ‘झालं’ असं ओरडायचो. सहा-सात वर्षं तरी हे केलं असेल. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. पाणी वरून शिरतच होतं. आम्ही ते फक्त बाहेर पडू दिलं नाही.

चाचांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “त्या काळात सगळेच मारायचे डांबर. तळाला मारायचंच. भोकं सोडायची, एवढंच.”

एवढंच.

संध्याकाळी आईने विचारलं, एवढी कशाने सडली? म्हटलं, खारा वारा.

३ मे

वेल्डिंग शिकायचा हट्ट केला. चाचा जुन्या वळणाचे, गॅसवर हात बसलेला. पण पातळ पत्र्याला त्यांचा पुतण्या सीओटू वेल्डिंग वापरतो, विजेवरचं. ताप कमी लागतो. नियम सोपा आहे: सलग ओढायचं नाही. एक टाका इकडे, दुसरा त्या टोकाला, मग मधे, आणि प्रत्येक टाक्यानंतर ओलं फडकं. मला धीर निघाला नाही. दाराच्या खालच्या पट्टीवर चार इंच सलग ओढलं आणि पत्रा फुलक्यासारखा टम्म फुगला. दाबला की आत, सोडला की बाहेर.

चाचांनी मला बाजूला केलं. फुगवट्यावर रुपयाएवढी जागा गॅसने लाल केली, मागे डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरली, पुढून चार हलके ठोके, आणि लगेच ओलं फडकं. चर्र. तापलेला पत्रा आकसतो आणि आजूबाजूची ढिलाई ओढून घेतो. असे तीन ठिपके दिले आणि पट्टी ताठ. मी बघितलं सगळं, कळलंही, पण उद्या मला जमेल असं मुळीच नाही.

१५ मे

जिथे पत्रा शाबूत आहे तिथला गंज तारेच्या ब्रशने घासून वर फॉस्फोरिक ॲसिडचं पाणी. तांबूस रंग हळूहळू राखाडी-काळा होतो. मग धुणं, वाळवणं, झिंक प्रायमर. लांबी यावेळीही लागलीच, पण पोस्टकार्डाएवढी पातळ, आणि प्रायमरच्या वर. रनिंग बोर्डच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा. नळी शेवटपर्यंत घालून मागे ओढत यायचं.

तळाला काळं कोटिंग मारलं. मारण्याआधी मी प्रत्येक भोकात काडेपेटीची काडी खोचून ठेवली. चाचांचा पुतण्या म्हणाला, गाडीला हळद लावायला काढलीत की काय.

२८ मे

घरी आणली. रंग जुळला आहे, उन्हात बघितलं तर किंचित उजवीकडे गडद. राहू दे. खर्च ठरवलेल्याच्या दीडपट.

दाराची काच खाली करून आत तांब्याभर पाणी ओतलं. खालून तीन धारा लागल्या. दुसऱ्या दारात दोनच. खराट्याचा हीर घालून तिसरं भोक मोकळं केलं. हीर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला आहे.

७ जून

पहाटे पाऊस लागला, पहिलाच मोठा. काल बाजारातून आल्यावर गाडी आळसाने अंगणातच ठेवली होती. चहा घेऊन पडवीत आलो तर पागोळ्यांच्या पलीकडे ती भिजत उभी, आणि दोन्ही बाजूंना दारांखालून थेंब टपटपतायत.

आई आधीच झोपाळ्यावर बसलेली.

“अरे, गाडी गळतेय बघ तुझी.”

“गळू दे,” म्हटलं.

“एवढे पैसे घालून?”

मग तिला डांबराचं सांगितलं, सगळं. ती बराच वेळ पावसाकडे बघत होती. मग म्हणाली, “अण्णांच्या त्या बनियनचे डाग कधी गेले नाहीत. शेवटी फडकं केलं मी त्याचं. गाडी पुसायला.”

चहा निवला होता. छत्री घेऊन उतरलो आणि मागच्या दाराखाली वाकून मोजलं. तीनही धारा चालू होत्या.