बेल्ट नवा, बेअरिंग जुनं: कराड-चिपळूण रस्त्यावरचा एक मुक्काम

पुण्याहून गुहागरला आम्ही कराड, पाटण, कुंभार्ली घाट असे जातो. ताम्हिणीने गेलं तर जवळ पडतं हे मला दरवेळी कोणीतरी सांगतंच, पण कराडला सासर आहे, त्यामुळे वादाला जागा नाही. गाडी 2006 सालची, पेट्रोल, चार सिलिंडर.

पाटण सोडल्यावर बॉनेटखालून बारीक घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढायचा, सोडला की उतरायचा. हेळवाकला चहाला थांबून बघू म्हटलं, तर तिथे पोहोचायच्या आतच इंजिन बंद. झटका नाही, धूर नाही, कोणीतरी चावी फिरवून बंद केल्यासारखं. वेग होता तेवढ्यात गाडी कडेला घेतली.

एकदा स्टार्टर मारला आणि तिथेच कळलं: टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकच्या जोरावर कॅमशाफ्ट फिरवणारा दातेरी रबरी पट्टा, तुटला. इंजिन नेहमीसारखं अडत-अडत न फिरता एकदम हलकं, मोकळं, भरभर फिरलं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, नसल्याची ही खूण. पेट्रोल संपलं किंवा ठिणगी देणारी कॉईल गेली तर स्टार्टरचा आवाज बदलत नाही. असा हलका आवाज आला तर पुन्हा सेल्फ मारू नका, आणि धक्का मारून सुरू करायचा सल्ला देणाऱ्या सज्जनांना चहा पाजून वाटेला लावा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारी-मिटणारी कॅमशाफ्ट थांबते, पिस्टन मात्र वर-खाली होत राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. जेवढं फिरवाल तेवढं नुकसान वाढू शकतं.

आता गाडी न्यायची कुठे? चिपळूण पुढे, पण मध्ये अख्खा घाट. न्यूट्रलवर उतरवत नेऊ, असं एका टेम्पोवाल्याने सुचवलं. हे कृपा करून करू नका. इंजिन बंद म्हणजे ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम नाही. दोन-तीनदा दाबलं की पेडल दगड होतं. पॉवर स्टिअरिंगही नाही. सपाटीवर थोडं अंतर दोरीने ओढायची वेळ आलीच तर चावी ऑनवर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आम्ही मागे फिरायचं ठरवलं. बायको-मुलीला कराडच्या एसटीत बसवलं, आणि कराडहूनच गाडी पूर्ण वर घेणारा फ्लॅटबेड मागवला. माझी पॉलिसी फक्त थर्ड पार्टी, रोडसाइड असिस्टन्स नाही, त्यामुळे भाडं खिशातून. फोनला रेंज धड नव्हती. एका दुकानदाराच्या फोनवरून काम झालं. टोइंगवाल्याचा नंबर कागदावर लिहून ठेवलेला बरा.

गॅरेजमध्ये 10 नंबरचे बोल्ट काढून वरचं कव्हर उघडलं तर बेल्टच्या चिंध्या, आणि जळक्या रबराचा वास. गंमत म्हणजे हा बेल्ट जुना नव्हताच. मागच्या सर्व्हिसिंगला बदललेला, बिल माझ्याकडे होतं. पण बिलावर ओळ एकच: टायमिंग बेल्ट. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं बेअरिंग मूळचंच. ते जाम झालं, बेल्ट त्याच्यावर घासत तापला आणि गेला. तो घूं घूं आवाज बेअरिंगचा.

मिस्त्री समजूतदार निघाला. लगेच हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनचा वरचा भाग, खोललं नाही. आधी नवा बेल्ट लावून, कॅम आणि क्रँकच्या पुलीवरच्या खुणा जुळवून, इंजिन हाताने सावकाश फिरवलं आणि कॉम्प्रेशन तपासलं. तुमच्याही मिस्त्रीकडे हा आग्रह धरा. काही इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना पोहोचतच नाहीत, तिथे नवा बेल्ट लावून काम भागतं. आमचं नशीब तेवढं नव्हतं. दोन सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन शून्य. हेड उतरलं, वाकलेले व्हॉल्व्ह बदलले, व्हॉल्व्ह सील, हेड गॅस्केट, मशीन शॉपमध्ये फेसिंग, म्हणजे हेडची बैठक घासून सपाट करणं. बेल्टचा सेट कराडात मिळाला नव्हता, तो आधीच कोल्हापूरहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला होता. एकूण खर्च साडेसतरा हजारांच्या आसपास, त्यात पूर्ण सेटचे जेमतेम साडेतीन.

तेव्हा बेल्ट बदलताना टेन्शनर आणि आयडलर (बेल्टला वळवणारी मोकळी पुली) यांची बेअरिंग त्याच वेळी बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण उद्या तो गेला तर सगळी उघडझाप पुन्हा, आणि मजुरीही पुन्हा. कॅम आणि क्रँकच्या ऑइल सीलमधून तेल पाझरत असेल तर नवा बेल्टही लवकर खराब होतो. काम झाल्यावर पान्याने क्रँक पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते समोर उभं राहून बघा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक होतो, म्हणून दोन. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतील तर जे आधी भरेल ते धरा. कमी चालणाऱ्या गाडीतही रबर म्हातारं होतंच.

सेकंडहँड गाडी घेताना आधी बेल्ट आहे की चेन ते विचारा. जुनी मारुती 800, सँट्रो, डिझेल इंडिका यांत बेल्ट; मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत चेन. बेल्ट असेल आणि बदलल्याचं बिल नसेल, तर तो बदललेला नाही असं समजून किमतीत तेवढे पैसे कमी करून घ्या. बिल असेल तर त्यावर बेअरिंगची ओळ शोधा.